पूजेतली कुलपं

पांडुरंग भोयर हे नाव आमच्या कारखान्यात निघालं की लोक आधी हसतात आणि मग आवाज खाली आणतात. हसतात त्यांच्या शिस्तीला. आवाज खाली येतो मागच्या वर्षीच्या विश्वकर्मा पूजेमुळे. मी तिथे स्टोअर सांभाळतो, त्यामुळे त्यांना मी वीसएक वर्षं पाहत आलोय, आणि जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. उरलेलं त्यांनी आणि तिथे असलेल्या इतरांनी सांगितलं.

आमचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर रायपुरात आलं, भोयरांचं रेल्वेबरोबर. म्हणून आमच्या घरी अजूनही त्यांच्यासारख्यांना 'नवे मराठी' म्हणतात, जरी त्यांच्या वडिलांना इथे येऊन जन्म लोटला. आमच्या घरात आता निम्म्याहून जास्त हिंदी चालते आणि गुढियारीतल्या त्यांच्या घरात वऱ्हाडी अजून शाबूत आहे. पण ही गोष्ट आमच्याकडे कोणी बोलून दाखवत नाही.

कारखान्यात प्लास्टिकची पातळ फिल्म निघते, बिस्किटाच्या पुड्याला असते तशी. वितळलेलं प्लास्टिक गार रुळावर पडलं तरच ती नीट ओढली जाते. रूळ गार राहायला थंड पाणी हवं, आणि पाणी थंड करायला दोन मोठे चिलर आहेत. त्यांच्या मोटरी सहा हजार सहाशे व्होल्टवर चालतात. त्या मोटरींचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारं यंत्र म्हणजे ड्राइव्ह. दिसायला ते काहीच नाही, माणसाहून उंच अशा लोखंडी कपाटांची एक रांग. मात्र वीज तोडली तरी त्याच्या पोटात वीज साठून राहते, आणि ती उतरेपर्यंत दार उघडायचं नसतं. चिलर हाऊसचे मुख्य ऑपरेटर पांडुरंगराव. ड्राइव्हच्या आत कोणी जायचं आणि कोणी नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा.

माणूस ताकही फुंकून पिणारा. कोणाला आत काम करायचं असलं की आधी शेजारच्या सबस्टेशनात जाऊन त्या चिलरचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, बंद करायचा, तो ओढून बाहेर घ्यायचा, उरलीसुरली वीज जमिनीत उतरावी म्हणून अर्थिंग लावायचं, आणि मग आत जाणाऱ्याने स्वतःचं लाल कुलूप त्यावर घालायचं. कुलपावर त्याचं नाव, किल्ली त्याच्या खिशात. दोघं आत जाणार असतील तर दोन कुलपं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. असा नियम पुष्कळ कारखान्यांत भिंतीवर लावलेला असतो. आमच्याकडे तो पांडुरंगरावांच्या तोंडी होता. नवा माणूस आला की ते त्याला ब्रेकरसमोर उभं करून हिंदीत सांगत, "साहब क्या बोलता है, मत सुनो. मैं क्या बोलता हूँ, वो भी मत सुनो. ताला देखो. ताला है तो आदमी अंदर है. ताला नहीं, तो आदमी नहीं." एकदा एका मोठ्या साहेबाने घाई केली तेव्हा ते स्टूल घेऊन ब्रेकरसमोर बसले आणि आतला माणूस बाहेर येऊन कुलूप काढेपर्यंत उठले नाहीत. मला तेव्हा ते आवडले होते. ते कोणाला आवडावं म्हणून काही करणारे नव्हते, पण मला आवडले.

त्यांची मुलगी मंजिरी. तिने पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि आमच्याच मेंटेनन्समध्ये लागली. इंदूताईंचा, म्हणजे तिच्या आईचा, याला साफ विरोध होता. त्यांना पोरीने बँकेत जावं असं वाटे. तेव्हा एकदा मी त्यांच्याकडे सहज गेलो होतो, आणि नवरा-बायकोचं भांडण ऐकण्याची वेळ माझ्यावर आली.

"काहून पाठवून राहिले तुम्ही तिले बिजलीत?" इंदूताई म्हणाल्या. "उद्या काही झालं त मी कोणाले विचारू?"

"मले विचारजो," पांडुरंगराव म्हणाले. "मी आहो न तिथं. माह्या चिलरवर आजपर्यंत कोणाले चटका नाही बसला. आपल्या पोट्टीले बसू देईन काय?"

इंदूताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ऐकलं न भाऊजी? तुमच्यासमोर बोलले हे." मी हो म्हटलं आणि चहा संपवला. त्यानंतर इंदूताई त्या नोकरीबद्दल बोलल्या नाहीत. संध्याकाळी गाडीचा आवाज येईपर्यंत मात्र त्या स्वयंपाकघरात काही ना काही निवडत बसत, हे मंजिरीनेच मला एकदा सांगितलं.

मंजिरी कामाला चांगली निघाली. घरी आई-बाप मराठीत बोलणार आणि ही हिंदीत उत्तर देणार, असा रायपूरचा रिवाज तिच्यातही आहे. कामात बापासारखीच काटेकोर. कपाटाच्या दारापाशी उभी राहून ती वीज उतरण्याची वाट पाही, मग तपासणीच्या काठीने आत वीज नाही याची खात्री करी, आणि मगच हात घाली. पांडुरंगराव लांबून पाहत. तोंडावर कौतुक करण्याची पद्धत त्यांच्यात नाही, पण स्टोअरमध्ये येऊन माझ्यापाशी ते तिच्याबद्दल बोलत आणि आपण तिच्याबद्दल बोलत नाही आहोत असं दाखवत.

आता पूजेकडे येतो. छत्तीसगडात विश्वकर्मा पूजा म्हणजे कारखान्याचा सगळ्यात मोठा सण. मंडप पडतो, मूर्ती येते, मशीनला हार घालतात, प्रत्येक खात्याची अवजारं मूर्तीपुढे ठेवतात. आरती झाली, प्रसाद वाटला, की जो तो आपली अवजारं उचलून कामाला लागतो. इथल्या लोकांची पूजा अशी मोकळी आहे. पण पांडुरंगरावांचे वडील वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, आणि त्यांच्या घरी खंडेनवमी पाळली जाई. नवमीला हातोड्या, नट आवळायचे पाने, कानशी देवापुढे मांडायच्या, झेंडू वाहायचा, आणि दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. अवजाराचा तो विसाव्याचा दिवस. पांडुरंगरावांनी घरची ही खंडेनवमी उचलून कारखान्याच्या विश्वकर्मा पूजेवर बसवली. चिलर हाऊसची अवजारं पूजेत बसली की दुसऱ्या सकाळपर्यंत उठायची नाहीत, असा त्यांचा कायदा झाला. इतर खात्यांचे लोक गंमत करत. "मराठी विश्वकर्मा छुट्टी पे है," म्हणत. दरवर्षी त्या दिवशी चिलर हाऊसमध्ये काही काम निघत नसे, त्यामुळे ते निभावून जाई.

आणि त्यांच्या हिशेबाने कुलूप हे अवजारच. किंबहुना सगळ्यात मोठं. मागच्या वर्षी त्यांनी सगळी लाल कुलपं, प्रत्येकाला लाल नाडा बांधून, पितळी ताटात मांडली. वर कुंकू, अक्षता, झेंडू. मी ते ताट पाहिलं आणि 'छान दिसतंय' असं म्हणालोही. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही, माझ्याही नाही.

त्या सकाळी फिल्मची लाइन पूजेसाठी थांबवली होती. एक चिलर हळू चालू होता, दुसरा बंद. या दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये आतलं तापमान वाढत असल्याची सूचना दोन-तीन दिवस येत होती. लाइन सुरू झाली की दोन्ही चिलर लागणार, आणि नेमका तेव्हा हा बंद पडला तर सगळा कारखाना बसणार. मंजिरी म्हणाली, बंद आहे तोवर आतला पंखा पाहून घेते. तिने ब्रेकर बंद केला, बाहेर काढला, अर्थिंग लावलं, सगळं नेहमीसारखं. मग कुलपासाठी हात खिशात घातला आणि तिला आठवलं.

"बाबा, मेरा लॉक तो पूजा में है. ले आऊँ?"

"पूजेतून उठवत नाहीत," पांडुरंगराव म्हणाले. "सकाळी मिळन."

"फिर काम भी कल करते हैं."

हे तिचं बरोबर होतं, आणि इथे गोष्ट संपायला हवी होती. पण उद्यावर टाकायचं तर हा चिलर आज लावता येणार नाही, एकट्या चिलरवर लाइन सुरू होणार नाही, आणि मॅनेजर विचारणार की कोणामुळे. शिवाय स्टोअरमध्ये माझ्याकडे नवी कुलपं पडून होती. मागितली असती तर त्याच क्षणी दिली असती. त्यांना ते सुचलं नाही, कारण त्या वेळी त्यांचं मन कुलूप मिळवण्यात नव्हतं, पूजा मोडायची नाही यात होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि ब्रेकरसमोर ठेवलं.

"मी बसतो न इथं. माह्यापेक्षा मोठं कुलूप कोणतं पाहिजे तुले?"

मंजिरीने कोणा दुसऱ्याचं हे ऐकलं नसतं. बापाचं ऐकलं. ती भिंतीपलीकडच्या ड्राइव्हच्या खोलीत गेली, थांबायचं तेवढं थांबली, तपासलं, दार उघडलं आणि टॉर्च घेऊन खाली बसली.

थोड्या वेळाने मंडपातून बोलावणं आलं. दरवर्षी नारळ पांडुरंगराव फोडतात, आणि त्या वर्षी मालकांच्या घरची मंडळी आलेली. "भोयर जी के बिना कैसे होगा," असं म्हणून दोघं-तिघं त्यांना न्यायला आले. ते उठले नाहीत. मग पुन्हा आले. तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब केला तो असा. ब्रेकर चालू करणारा माणूस एकच, सबस्टेशनचा नत्थू. तो आत्ता मंडपात आहे. म्हणजे आपणही मंडपात जाऊन नत्थूवर नजर ठेवली की झालं. हा हिशेब त्यांनीच नंतर मला सांगितला. इतकी वर्षं लोकांना शिकवून हा माणूस स्टुलावरून उठला, हे आठवलं की मला अजूनही त्यांचा राग येतो.

त्यांनी नारळ फोडला. आरती सुरू झाली. नत्थू समोरच टाळ्या वाजवत होता. मी पांडुरंगरावांच्या बाजूलाच होतो. ते सारखे नत्थूकडे पाहत होते ते मला दिसलं, पण का ते कळलं नाही. शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी डोळे मिटले तसे त्यांनीही मिटले. उघडले तेव्हा नत्थूच्या जागी दुसरंच कोणी प्रसादाचा दोना घेऊन उभं होतं.

नत्थूला फोन आला होता. लाइन सुरू करायची आहे, दुसरा चिलर द्या. नत्थू कंत्राटी कामगार, धरसीवाकडचा, शांत स्वभावाचा. तो सबस्टेशनात गेला. समोर रिकामं स्टूल होतं. ब्रेकरवर कुलूप नव्हतं. त्याने शिकवल्याप्रमाणे कुलपाची जागा दोनदा पाहिली, हात लावून पाहिली. मग अर्थिंग काढलं, ब्रेकर आत ढकलला, आणि चालू करण्याची मूठ फिरवली.

ब्रेकर लागला नाही. ड्राइव्हचं दार उघडं असेल तर ब्रेकर लागू नये म्हणून दाराला एक छोटा स्विच असतो, अंगठ्याएवढा. तो त्या दिवशी काम करत होता. असे स्विच बिघडतात, कधी कोणी तार बांधून गप्पही करून ठेवतं. नत्थूने पुन्हा मूठ फिरवली. पुन्हा नाही. कुठे दार उघडं राहिलंय का, हे पाहायला तो पलीकडच्या खोलीत गेला, तर मंजिरी कपाटासमोर मांडी घालून बसलेली, टॉर्च दातात, उजवा हात कोपरापर्यंत आत.

"दीदी," तो म्हणाला, "हाथ बाहर करो. धीरे से."

तिने हात बाहेर घेतला. तो रडत होता, त्यावरून काय होऊ घातलं होतं ते तिला समजलं. पांडुरंगराव धावत आले तेव्हा ती दोघं भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. मी त्यांच्या मागेच पोचलो. ते मंजिरीपाशी वाकले, तिचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहू लागले, जसा लहान पोराचा काटा शोधतात. तिने तो सोडवून घेतला.

"ब्रेकर काहून चालू कराले गेला तू?" ते नत्थूला म्हणाले.

"काका, ताला नइ रहिस," नत्थू म्हणाला. "आप ही बोले हो. ताला नहीं, तो आदमी नहीं."

मंडपातून त्यांच्या हातात आलेला प्रसादाचा दोना दारातच पडला होता, बुंदी सांडली होती.

मंडपात बातमी पोचायला वेळ लागला नाही. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, भगवान विश्वकर्मांनीच राखलं, असं जो तो म्हणू लागला. कोणी तर जाऊन पुन्हा एक नारळ फोडून आला. मला देवाचं वावडं नाही, पण त्या दिवशी ते बोलणं मला सहन होईना. पोरगी वाचली ती एका स्विचमुळे, आणि ज्या कुलपामुळे ती कधी धोक्यातच आली नसती, ते देवापुढे झेंडू लेवून बसलं होतं.

मॅनेजर साहेबांनी सोपा मार्ग काढला. नत्थू कंत्राटी, विचारल्याशिवाय ब्रेकर लावायला गेला, त्याला काढून टाका, प्रकरण मिटलं. पांडुरंगराव खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच म्हणाले, "उसने सही किया. जैसा मैंने सिखाया वैसा किया. गलती मेरी है, लिख लीजिए." साहेबांनी त्यांना सांभाळून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत, कशाला, वगैरे. ते ऐकेनात. नत्थूची नोकरी राहिली. पांडुरंगरावांना ताकीद मिळाली, आणि तीही त्यांना कमी वाटली.

संध्याकाळी त्यांनी मला घरी बरोबर चलायला सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. इंदूताईंसमोर एकट्याने उभं राहण्याचा धीर त्यांच्यात नव्हता, हे दिसत होतं. मंजिरी आमच्याआधीच पोचली होती आणि तिने आईला काहीच सांगितलं नव्हतं. ती भाजी चिरत होती. पांडुरंगरावांनी चपला काढल्या आणि दारातच सगळं सांगून टाकलं. कुलूप पूजेत ठेवलं ते, स्टुलावर बसलो ते, उठलो ते. स्वतःला वाचवणारा एकही शब्द त्यांनी मध्ये घातला नाही.

इंदूताई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी मंजिरीचा उजवा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. सगळं सांगून झाल्यावर पांडुरंगराव म्हणाले, "तू आधीपासून नाही म्हणत होती. उद्यापासून तिले घरी ठेवू. मी साहेबाशी बोलतो."

मीही तेच धरून चाललो होतो. कुठलीही आई तेच म्हणेल.

"तिनं काहून घरी राहाव?" इंदूताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तिनं कुलूप मागितलं होतं न? तुम्ही दिलं नाही. पोट्टी जाईन कामाले. तुम्ही तिच्या मशीनपाशी जाऊ नका."

पांडुरंगरावांनी मंजिरीकडे पाहिलं. मला वाटतं, 'जाऊ दे ना आई' एवढं ती म्हणेल अशी त्यांना आशा होती. मीही तिच्याकडे पाहत होतो. मंजिरीने विळी बाजूला सारली.

"हव आई," आईच्याच बोलीत ती हो म्हणाली.

मी कशासाठी आलो होतो ते मला कळेनासं झालं. मी उठलो, आणि मला कोणी थांब म्हटलं नाही.

पांडुरंगरावांनी दुसऱ्याच दिवशी बदली मागून घेतली. आता ते कारखान्याच्या पार मागच्या टोकाला, पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर असतात. तिथे पंप आणि टाक्या आहेत, मोठी वीज नाही. चिलर हाऊसचा अधिकार अनिमेष नावाच्या एका इंजिनियरकडे गेला आहे, आणि मंजिरीचं त्याच्याशी चांगलं जमतं. बापाशी ती भांडली नाही, अबोलाही धरला नाही. सकाळी दोघं एकाच स्कूटरवर येतात, डबा एकत्र खातात. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं ते मला एकदा म्हणाले.

परवा ते ग्रीस न्यायला स्टोअरमध्ये आले होते. दुसऱ्या चिलरच्या ड्राइव्हचं मोठं काम निघालंय आणि मंजिरी सकाळपासून आत आहे, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं. मी सांगावं की नाही या विचारात असताना त्यांनीच विचारलं, "आज काही काम आहे काय तिकडं?" मी म्हटलं, आहे. तिकडे जाऊन पाहणं त्यांना शक्य नव्हतं, आणि फोन करून तिचं लक्ष विचलित करणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मग ग्रीसचा डबा उचलून ते आपल्या टाक्यांकडे गेले, आणि सुट्टीच्या वेळेच्या बऱ्याच आधी येऊन स्कूटरपाशी उभे राहिले.